उलटा फेरा

बुऱ्हाणपूरहून खकनारच्या रस्त्याला लागलं की केळीचे मळे मागे पडतात आणि सागाचं जंगल सुरू होतं. त्या जंगलात एक टेकडी आहे आणि टेकडीवर दिवाणांची कोठी. दिवाण कधीच गेले, त्यांची पणतवंडं इंदूर-पुण्याला जाऊन बसली. पण कोण्या एका हौशी दिवाणाने आपली बग्गी उडवायला टेकडीभोवती जो गोल रस्ता काढून घेतला होता, तो अजून धडधाकट आहे. पाच किलोमीटर भरतो. त्याला सगळे फेरा म्हणतात. गेटातून निघालं की आधी जुना वड, मग पायऱ्यांची बावडी, मग नाला, मग बग्गीखान्याच्या भिंती, शेवटी चौकीदाराचं क्वार्टर, आणि माणूस निघाला तिथेच परत. आता कोठी सांभाळणाऱ्या मंडळाने तिथे निळ्या पाट्या ठोकल्यात, बाण काढलेत, तिकीट लावलंय. रविवारी शहरातली मंडळी नवे कोरे बूट घालून येतात आणि वडापाशीच त्यांना धाप लागते.

या फेऱ्याचा चौकीदार सुपडू महाजन. वय त्रेसष्ट, गुडघा उजवा गेलेला, आवाज मात्र अजून खणखणीत. त्याचा बापही इथेच चौकीदार होता. सकाळी एक, संध्याकाळी एक असे रोजचे दोन फेरे सुपडूने चाळीसेक वर्षं घातले. पडलेल्या फांद्या ओढायच्या, वणवा दिसला तर झोडपायचा, जनावरांच्या हौदात पाणी आहे की नाही बघायचं. हल्ली त्यात शहरच्या लोकांना माहिती सांगायचं काम वाढलं होतं. सुपडू ती माहिती अशी सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा दिवाणांच्या मांडीवर बसून वाढलाय. त्यातलं निम्मं त्याने स्वतः रचलेलं होतं आणि तेच लोकांना जास्त आवडायचं.

फेऱ्याला एक नियम होता. टेकडीवर कोठीशेजारी देवीचं ठाणं आहे, म्हणून हा रस्ता म्हणजे तिची प्रदक्षिणाच. टेकडी कायम उजव्या हाताला ठेवायची. अर्ध्यातून माघारी फिरायचं नाही, एकदा निघालं की पुरा करायचा. उलटा फेरा फक्त मयताचा. कोठीच्या आवारात कोणी गेलं की तिरडी उलट्या वाटेने नेतात, नाल्यापलीकडच्या मसणात. सुपडूने जन्मात तीनदा उलटा फेरा घातला होता. बापाला नेलं तेव्हा, आईला नेलं तेव्हा, आणि लेक गायत्री हिच्या पाठीवरचा मुलगा बाराव्या दिवशी गेला तेव्हा त्याला दोन्ही हातांवर घेऊन.

जित्या माणसाने उलटा फेरा घातला की घरातलं माणूस जातं, असं सगळे मानत. सुपडू तर इतकं मानायचा की हसू यावं. बग्गीखाना त्याच्या क्वार्टरपासून मागे जेमतेम एक किलोमीटरवर. पण एकदा त्याचा कोयता तिथे राहिला तर हा पठ्ठ्या पुढच्या बाजूने चार किलोमीटर चालून तो घेऊन आला. शहरातलं एखादं जोडपं वडापासून परत फिरायला लागलं की तो काठी आडवी धरायचा. ‘साहेब, मागं नही फिरायचं. पुरा करा.’ साहेब चिडायचे, मॅडम रडकुंडीला यायच्या, पण फेरा पुरा व्हायचा. बायको कुसुम यावरून त्याची फार थट्टा करायची. पण तीही कधी उलटी गेली नाही.

कुसुम लग्न होऊन आली ती जवळच्याच गावातून. सकाळचा स्वयंपाक झाला की डबा फडक्यात बांधायची आणि फेऱ्याला लागायची. नवरा पुढे कुठेतरी काम करत असणार, त्याला गाठायचं आणि जेवू घालायचं. कधी तो वडापाशी सापडायचा, कधी बावडीवर, कधी पार बग्गीखान्यापर्यंत चालावं लागायचं. त्याचं जेवण झाल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घ्यायची नाही. मग रिकामा डबा घेऊन उरलेला फेरा पुरा करत घरी. दोघांचा सगळा संसार असा त्या गोल रस्त्यावर झाला, आणि फारसं न बोलता झाला.

तीन वर्षांपूर्वी कुसुमने एका भाजीत दोनदा मीठ घातलं. मग एक दिवस चूल पेटवून ती चुलीसमोर नुसती बसून राहिली. दिवाळीला गायत्री इच्छापूरहून माहेरी आली तेव्हा आईने तिला पाट दिला, पाणी दिलं आणि विचारलं, ‘बाई, तुम्ही कोनाकडी आल्या?’ गायत्री न्हाणीघरात जाऊन रडली. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं आता परत येणार नाही, आणखी जात राहील. हिला एकटी सोडू नका. गायत्री म्हणाली, बाबा, आईला माझ्याकडे न्या, मी बघते. सुपडू नको म्हणाला. आणि ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नाही. गेटावर तिकिटं फाडणाऱ्या तृप्तीला नाही, बावडीवर चहाचं दुकान चालवणाऱ्या मोतीलालला तर नाहीच. मोतीलालच्या कानात पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तीन गावं ओलांडते. लोक कुसुमला वेडी म्हणतील, पोरं मागे लागतील, ही भीती सुपडूच्या मनात घर करून बसली होती. म्हणून तो बाहेर जाताना दाराला कडी घालायचा आणि विचारलं तर म्हणायचा, तिचे पाय दुखतात, बसलीय घरात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मुठीत जितं माणूस असलं तर ती किती दिवस झाकायची, हे म्हणीत सांगितलेलं नाही.

मे महिन्यातला तो बुधवार. सकाळी दहालाच ऊन डोळ्यांत खुपायला लागलं होतं. सागाची पानं कधीच गळून गेली होती, त्यामुळे जंगलात झाडं होती पण सावली नव्हती. सव्वाअकराला पाण्याचा टँकर क्वार्टरमागच्या हौदावर येऊन हॉर्न द्यायला लागला. टँकरवाला थांबत नाही, जरा उशीर झाला की पाणी दुसरीकडे ओतून मोकळा होतो. सुपडू तसाच धावला. हौद भरायला अर्धा तास गेला. परत आला तेव्हा दार सताड उघडं होतं. कडी घालायची राहून गेली होती.

घरात कुसुम नव्हती. फळीवरचा डबाही नव्हता.

डबा नाही म्हटल्यावर सुपडूला सगळं कळलं. बारा वाजत आले होते, ही जेवण द्यायची वेळ. बाकी सगळं पुसलं गेलं तरी कुसुमच्या पायांना ही वेळ आठवत होती. नवरा पुढे फेऱ्यावर आहे असं समजून ती निघाली होती. पायात काय घातलं होतं, डोक्यावर पदर होता की नव्हता, कोण जाणे. त्या दिवशी बुऱ्हाणपुरात पंचेचाळीसच्या वर पारा गेला होता, आणि कुसुम नवरा सापडून त्याचं जेवण होईपर्यंत पाणी पिणार नव्हती.

तो गेटावर आला. तृप्ती खिडकीत पंख्यासमोर बसून अभ्यास करत होती. शहरातली, एम.ए.च्या परीक्षेला बसलेली मुलगी.

‘तृप्ती, तुह्या काकीले पाह्यलं का?’

‘काकी? अभी तर गेल्या ना, काका. डबा घेऊन. मी आवाज दिला तर हसल्या पण.’

‘कोनत्या बाजूनं?’

तृप्तीला प्रश्नाची गंमत वाटली. ‘ज्या बाजूने सगळे जातात, त्याच बाजूने!’

सुपडू निघाला. गुडघा कुरकुरत होता, पण अजून त्याला वाटत होतं की वडापर्यंत गाठू. वडापाशी ती नव्हती. बावडीवर मोतीलाल ओला रुमाल डोक्यावर टाकून बसला होता. म्हणाला, वहिनी अर्धा घंटा झाला, गेली पुढे. मग सुपडूने जे केलं ते भीतीने केलं. बावडीत खाली हिरवं पाणी होतं, आणि ते बघितल्यावर त्याला पुढे जाववेना. साठ पायऱ्या तो भिंत धरून उतरला, प्रत्येक कोनाड्यात डोकावला, पाण्यात काठी फिरवली. वर यायला त्याहून दुप्पट वेळ लागला. पुढे नाल्याच्या कपारी पाहिल्या. जिथे जिथे बाई पडू शकते तिथे तिथे तो तिला शोधत होता आणि ती बिचारी सरळ रस्त्याने चालत होती.

तो क्वार्टरला पोचला तेव्हा दीड वाजून गेला होता. घर रिकामं. तो गेटाकडे गेला तर तृप्ती खिडकीतून बाहेरच आली.

‘काका, काय चाललंय तुमचं? काकी दुसऱ्यांदा गेल्या! वीस मिनिटं झाली. मला वाटलं तुम्ही पुढे आहात म्हणून—’

‘दुसऱ्यांदा?’

‘हां. मी म्हटलं, काकी, बसा ना, पाणी घ्या. म्हणाल्या, ते भुके असतील.’

सुपडूने खिडकीचा कठडा धरला. पाच किलोमीटर चालून, नवरा सापडला नाही म्हणून ती न थांबता पुन्हा निघाली होती. तो तिच्या मागे, ती त्याच्या मागे, आणि दोघांची तोंडं एकाच दिशेला. तेव्हा त्याने पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

‘तिचं डोकं ठिकान्यावर नही, बेटा. तीन वर्सं झाले. तिले काही समजत नही.’

तृप्ती उसळली. ‘आणि तुम्ही हे आज सांगताय? मी दोनदा जाऊ दिलं ना त्यांना! हसून जाऊ दिलं!’ तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. ‘तुम्ही जा. मी इथे रस्त्यावरच उभी राहते. आता आल्या तर सोडत नाही.’

दुसऱ्यांदा बावडीपर्यंत जाताना सुपडूने मध्ये कुठेही पाहिलं नाही. त्याची जीभ टाळूला चिकटली होती आणि कानात लू, तो उन्हाचा गरम वारा, शिट्ट्या मारत होती. मोतीलाल दुकानाला कुलूप लावत होता. पांढरा सदरा, गळ्यात उपरणं. धूलकोटला लग्नाला निघाला होता. म्हणाला, ‘वहिनी पंधरा मिनिटं झाले, गेली. आज काय भांडनं झाले का तुमचे? बस म्हटलं तर बसे ना. तोंड पाह्य तिचं, निरं लाल. म्या हात धरला, पानी तरी पे म्हटलं. तर असं पाह्यलं तिनं माह्याकडी, जसा मी कोनी चोर. मंग सोडला बाप्पा.’

इथे सुपडूने सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरे होतं. मोतीलालची मोटरसायकल उभी होती, किल्ली हातात होती, पाच मिनिटांत त्याने कुसुमला गाठलं असतं. पण सुपडूने ते पांढरं उपरणं पाहिलं, धूलकोटच्या मांडवात जमलेली शंभर माणसं त्याच्या डोळ्यांसमोर आली, आणि तो म्हणाला, ‘नही, काही नही. पुढीच आहे, गाठतो मी.’ मोतीलाल गाडीला किक मारून कच्च्या वाटेने गावाकडे निघून गेला. बायकोची लाज राखता राखता सुपडू तिच्या जिवावर उठला होता आणि हे त्याचं त्यालाही कळत होतं. तरी शब्द फुटला नाही.

नाल्यापासून बग्गीखान्यापर्यंत तो हाका मारत गेला. ‘कुसुम! ए कुसुम!’ डाव्या बाजूला नाला खोल होता, म्हणून नजर सारखी डावीकडे. वाळलेल्या पानांचा आवाज झाला की थांबायचा. एकदा मोर निघाला, एकदा रानडुकराचं पिल्लू. बाई कुठे दिसली नाही. मग त्याला वाटलं, घरी पोचली असेल. तृप्तीने धरली असेल. पंख्यासमोर बसवून पाणी पाजलं असेल. हे चित्र त्याला इतकं खरं दिसायला लागलं की शेवटचा किलोमीटर तो लंगडत का होईना पण जवळजवळ पळाला.

तृप्ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बाटली. एकटीच.

‘नाही आल्या,’ ती म्हणाली. ‘मी हलली नाही इथून. एक मिनिट पण नाही.’

हिशेब लहान मुलालाही समजावा असा होता. मोतीलालने तिला बावडीवरून पुढे जाताना पाहिलं. गेटापर्यंत ती आली नाही. म्हणजे मधल्या पट्ट्यात कुठेतरी ती बसली होती किंवा पडली होती, आणि सुपडू तिला ओलांडून पुढे आला होता.

‘मागेच आहेत, काका. चला ना!’ तृप्ती वळलीसुद्धा.

सुपडू पुढे चालायला लागला. वडाच्या दिशेने.

‘काका! तिकडून कुठे? चार-पाच किलोमीटर पडेल! इकडून जवळ आहे ना!’

‘इकडून नही जाता येत.’

‘का नाही येत?’

‘उलटा फेरा आहे तो.’

तृप्तीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती किंचाळली. ‘पागल झालात का तुम्ही? त्या जिंदा आहेत! उन्हात पडल्यात कुठेतरी! तुम्ही नका जाऊ, मी जाते.’

‘खबरदार!’ सुपडूने काठी उगारली. या मुलीशी तो आजवर चढ्या आवाजात बोलला नव्हता. ‘एक पाऊल टाकशील तर! जित्या मानसासाठी उलटा फेरा घालते का कोनी? तू घालशील अन् जाईन ती! मंग काय करशील?’ त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ‘तू इथीच थांब. गाडी बोलाव. मी येतो फिरून.’

तृप्ती काठीला भ्यायली नाही. एवढ्या मोठ्या माणसाला असं रडताना बघून भ्यायली. तिने फोन काढला, रुग्णवाहिकेला लावला. खकनारहून गाडी यायला तास लागेल असं पलीकडून सांगितलं.

सुपडू वडापर्यंत गेला. तिथे गुडघ्याने साथ सोडली आणि तो पारावर बसला नव्हे, पडलाच. वडाखाली सावली होती, गारवा होता, आणि त्या गारव्याचीच त्याला लाज वाटली. बावडी अजून पाऊण तास दूर. तिथून पुढे बग्गीखान्यापर्यंत आणखी तेवढंच. मधे पाणी नाही. कुसुमच्या अंगात आता घाम तरी शिल्लक असेल का? आपण सुलटे गेलो तर नियम राहील आणि बाई मरेल. उलटे गेलो तर बाई मिळेल आणि नियमाने मरेल. देवीने माणसाला असं कात्रीत का धरावं? ‘तुले चाळीस वर्सं घुमलो मी,’ तो टेकडीकडे बघून म्हणाला. ‘अन् तू हे करते?’ टेकडीवर ऊन नुसतं तापत होतं.

मग तो उठला, आणि वळला.

गेटासमोरून जाताना त्याने तृप्तीकडे पाहिलं नाही. तिने पाण्याची बाटली त्याच्या हातात कोंबली. क्वार्टर मागे पडलं. आता टेकडी डाव्या हाताला आली होती. ज्या रस्त्यावर तो डोळे मिटून चालू शकत होता, तो रस्ता त्याला ओळखू येईना. तिरडीमागे चालताना त्याची नजर जमिनीवर होती; झाडं या बाजूने त्याने कधी पाहिलीच नव्हती. कुठला खडक, कुठलं वळण, काही कळेना. सगळं परक्या मुलखासारखं. पाय टाकावा आणि वाटावं, आता या पावलाला ती गेली. आता या पावलाला गेली.

बग्गीखान्याच्या भिंतीआड, वाटेपासून दहा पावलांवर, कुसुम बसलेली होती. मघाशी तो नाल्यात बघत याच भिंतीजवळून गेला होता.

एक चप्पल पायात, दुसरी नव्हती. ओठ फुटून त्यावर रक्त सुकलं होतं. चेहरा तापल्या तव्यासारखा, आणि घामाचा टिपूस नाही. मांडीवर डबा उघडा होता. डब्यात ज्वारीचं कोरडं पीठ होतं.

तिने त्याच्याकडे पाहिलं, तो आला त्या वाटेकडे पाहिलं, आणि पदर डोक्यावर घेतला.

‘कोन गेलं, भाऊ?’ तिने विचारलं.

‘कोनी नही गेलं. मी आहे. सुपडू. हे पानी पे.’

‘तुम्ही उलटे आले. उलटं कोनी उगाच नही येत.’ तिचा आवाज चिरका, कोरडा झाला होता, पण बोलणं अगदी शहाण्या बाईसारखं. ‘रडूबी राह्यले तुम्ही. सांगा ना, कोन गेलं?’

‘अगं, मी सुपडू! मघाशी हाका मारत गेलो इथून, तू ओ नही दिली!’

‘एक जन वरडत गेला खरा. कुसुम, कुसुम करत. त्याची कुसुम सापडली का?’

सुपडू तिच्यासमोर बसला. बाटलीचं झाकण उघडून त्याने ती तिच्या ओठांशी नेली. तिने तोंड फिरवलं. त्याने हनुवटी धरली तर तिने त्याच्या हातावर फटका मारला, जेवढं बळ उरलं होतं तेवढ्याने. ‘शरम नही वाटत? माह्ये मालक जेवले नही अजून. त्याईच्या आधी मी पानी पेत नही. तुम्ही जा, भाऊ. ते येतीलच.’ आणि ती मागे भिंतीला टेकली. तिचे डोळे वर जायला लागले होते.

त्याने तिला उचलायचा प्रयत्न केला. गुडघा मोडल्यासारखा दुमडला आणि दोघंही कलंडली. त्याने पाणी तिच्या डोक्यावर ओतलं, तर ती ‘सांडू नका, त्याईले लागेल’ म्हणून बाटली धरायला धडपडली. थोडंच उरलं होतं. मी सुपडू आहे, मीच सुपडू आहे, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, गायत्रीचं नाव घेत होता, बाराव्या दिवशी गेलेल्या मुलाची आठवण देत होता. ती त्याच्याकडे दयेने बघत होती, दुसऱ्याच्या घरी दुःख झालेलं असावं तशी. सुपडू आल्याशिवाय ती उठणार नव्हती, आणि सुपडू समोर बसलेला होता. त्याला वाटलं, आता ही माझ्यासाठी माझ्याच डोळ्यांदेखत मरणार.

मग तो रडायचा थांबला. त्याने तिच्यापासून थोडं मागे सरून, परक्या माणसाने बसावं तसं अंतर ठेवलं.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘तुमचे मालक गेले.’

कुसुमचे डोळे खाली आले. त्याच्यावर स्थिर झाले.

‘सुपडू?’

‘हो. सुपडू गेला. म्हनूनच उलटा आलो मी, तुमाले सांगाले. घरी आनलं आहे. चला.’

ती ओरडली नाही, ऊर बडवला नाही. बराच वेळ ती डब्यातल्या पिठाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, ‘जेवले होते का?’

सुपडूने तिच्या मांडीवरच्या डब्याला झाकण लावलं.

‘हो,’ तो म्हणाला. ‘पोटभर जेवले. तुमच्याच हातचं.’

‘मंग ठीक आहे,’ कुसुम म्हणाली. ‘द्या पानी.’

बाटलीत होतं तेवढं सगळं ती प्यायली. थोडं अंगावर सांडलं. मग भिंतीला हात लावून ती उठली, आणि मयताच्या घरी जायचं म्हणून परक्याचा आधार घेण्यात तिला काही गैर वाटलं नाही. सुपडूने तिला दंडाला धरलं. दोघं क्वार्टरच्या दिशेने निघाली, अतिशय हळू, दर वीस पावलांवर थांबत. एका दगडापाशी ती थांबली आणि हातातल्या बांगड्या फोडायला लागली. एक फुटली. बाकीच्या त्याने हात धरून वाचवल्या. म्हणाला, घरी गेल्यावर, बाई, घरी गेल्यावर.

वाटेत ती बोलत होती. जन्मात कधी नवऱ्याशी बोलली नसेल इतकं ती या भल्या माणसाशी बोलली.

‘मानूस चांगला होता माह्या. दारू नही, शिवी नही. पोरगं गेलं तव्हा आठ दिवस जेवला नही. पन एक सांगू का, भाऊ? इतके वर्सं मी त्याच्या मागं मागं चालली. डबा घेऊन. एकदाबी त्यानं मागं वळून नही पाह्यलं.’

‘चुकलं त्याचं,’ सुपडू म्हणाला.

‘जाऊ द्या. आता गेला तो. गेल्या मानसाले नही बोलू.’

तिचं अंग अजून तसंच पेटलेलं होतं. त्याने तिचा दंड आणखी घट्ट धरला. पुढच्या वळणावरून तृप्ती पळत येत होती. गेटावर खकनारची गाडी अजून आलेली नव्हती.